मुंगळ्यांचा हॅपी अवर

रविवारी सकाळी टेकडीवर जाऊन मुंग्या बघायच्या? डोकं फिरलंय का, असं मीही म्हटलं होतं. मग एका टाकळ्याच्या रोपाशी दीड तास उकिडवी बसले आणि...

चिपळूणजवळ माझं आजोळ. तिथे गौर येते ती तेरड्याची. मुखवटा, साडी, दागिने सगळं नंतर. आधी येतात ती बांधावरून उपटून आणलेली ताजी रोपं, गुलाबी-जांभळ्या फुलांसकट, मुळांना ओली माती लागलेली. ती घरात आली की अर्ध्या तासात माजघरभर काळ्या मुंग्या. पाटावर, रांगोळीवर, माझ्या नव्या फ्रॉकवर. मी पुण्यात वाढलेली, त्यामुळे मनसोक्त किंचाळायचे. आजी आपली शांत. ‘असू दे गो. गवरीच्या पाठराखणी त्या. माहेरवाशीण काय एकटी येते? तिसऱ्या दिवशी तिच्याबरोबर जातील.’

आजी लोक अशी वाक्यं टाकतच असतात. आपण ती ऐकतो आणि विसरतो. हे वाक्य माझ्या डोक्यात परत आलं तब्बल वीस वर्षांनी, पुण्यात, वेताळ टेकडीवर. आणि त्याला कारण झाली माझी एक मैत्रीण.

ही बाई हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. आठवडाभर बग शोधते आणि रविवारीही बगच शोधायला बाहेर पडते. (हा तिचा जोक. मुंगी तांत्रिकदृष्ट्या ‘बग’ नसते, हेही लगेच तीच सांगते.) सप्टेंबरमधल्या एका रविवारी ‘मस्त फुलं आलीयेत, चल’ असं सांगून ती मला टेकडीवर घेऊन गेली. मी कॅमेरा फुल चार्ज करून निघाले. डोळ्यांसमोर कासचे फोटो होते, गुलाबी गालिचे वगैरे. प्रत्यक्षात तिनं मला नेलं ते कातळाच्या कडेला, गुडघाभर वाढलेल्या टाकळ्यापाशी. तोच तो, जूनमध्ये ज्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतात. सप्टेंबरात तो आडदांड होतो आणि त्याला छोटी पिवळी फुलं येतात. कोणी त्याच्याबरोबर सेल्फी काढत नाही.

‘फुलाकडे बघू नकोस, फुलाच्या खाली बघ,’ ती म्हणाली.

फुलात नाही, पानात आहे!

बघितलं. आधी काही दिसेना. मग दिसलं ते असं. पानाची जी मधली दांडी असते, तिच्यावर पर्णिकांच्या खालच्या जोड्यांमध्ये एक बारीकशी नारिंगी काडी उभी असते, आगपेटीतल्या काडीचं गूल तासून तासून लहान केलं तर दिसेल तशी. तिच्या टोकाशी लुकलुकणारा थेंब. आणि त्या थेंबाला तोंड लावून एक मुंगळा, मान खाली घालून, आजूबाजूच्या जगाशी काहीही देणंघेणं नसल्यासारखा.

हा थेंब म्हणजे मध. म्हणजे मकरंदच, पण फुलाबाहेरचा. गंमत अशी की टाकळ्याच्या फुलात मध नसतोच. भुंगे आणि मधमाश्या तिथे येतात त्या परागासाठी. काही भुंगे तर फुलाला लटकून अंग थरथरवतात आणि पराग झाडून घेतात. गोड खाऊ ठेवलाय तो खाली, पानाशी. तो परागीकरण करणाऱ्यांसाठी नाहीच मुळी. तो आहे वॉचमनचा पगार.

झाडाचं गणित सरळ आहे. मुंगीला साखर हवी, झाडाला राखण हवी. मुंग्या गोडासाठी रोपावर येरझारा घालतात आणि वाटेत दिसेल त्या अळीला, अंड्याला, पान कुरतडणाऱ्या किड्याला चावतात, हुसकावतात, जमलं तर उचलून घरी नेतात. फुलाबाहेर मध देणाऱ्या वनस्पती जगात किती असाव्यात? २०१३ मध्ये वेबर आणि कीलर या दोन संशोधक बाईंनी सगळ्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा आकडा निघाला ३,९४१ जातींचा. म्हणजे हा काही टाकळ्याचा खासगी फंडा नाही. एरंडाच्या देठावर बघा, कपाशीच्या पानामागच्या शिरेवर बघा, बाल्कनीत घोसाळ्याचा वेल असेल तर तिथे बघा. घोसाळ्याचं तर आपल्याकडेच संशोधन झालंय. बनारस हिंदू विद्यापीठातल्या अगरवाल आणि रस्तोगी यांनी २००८ मध्ये दाखवलं, की या मधावर येणाऱ्या मुंग्यांमुळे वेल खाणारे लाल भुंगेरे दूर राहतात. आणि आपण काय करतो, तर वेलावर मुंगी दिसली की आधी पावडर टाकतो!

गंमत म्हणजे दस्तुरखुद्द डार्विनला हा राखणदारीचा हिशोब फारसा पटलेला नव्हता. झाड नको असलेलं द्रव्य बाहेर टाकतंय, असा त्याचा कल होता. इटलीचा फेदेरिको देल्पिनो मात्र म्हणत राहिला की नाही, हे मुद्दाम ठेवलेलं आहे. पुढच्या शंभर वर्षांतल्या बहुतेक प्रयोगांनी देल्पिनोच्या बाजूनं कौल दिला.

आणि आता तेरडा. त्याच्या पानाच्या देठावर दोन्ही बाजूंना बारीक गाठींसारख्या ग्रंथी असतात. त्याही मधाच्या. मैत्रिणीनं हे सांगितलं आणि माझं आजोळचं माजघर एकदम डोळ्यांसमोर आलं. त्या मुंग्या गौरीच्या नैवेद्यासाठी आल्याच नव्हत्या. त्या रोपावर आधीपासून ड्यूटीवर होत्या. आजीनं त्यांना पाठराखणी म्हटलं होतं, ते शब्दशः खरं होतं.

ती, तो नव्हे

एक गोष्ट आधीच क्लिअर करते. आपण ‘मुंगळा’ म्हणतो, पण फुलापानांवर दिसणारा प्रत्येक मुंगळा ही बाई असते. वारुळातली कामकरी फौज पूर्ण स्त्रियांची. नर फक्त लग्नाच्या सीझनला पंख लावून दिसतात आणि लवकरच मरतात. (आणि हो, ‘वारूळ’ म्हणून आपण जो मातीचा उंच डोलारा दाखवतो तो सहसा वाळवीचा असतो. मुंगळ्यांचं घर जमिनीखाली, बऱ्याचदा झाडाच्या बुंध्याशी. पण शब्द रुळलाय, त्याला इलाज नाही.)

आपला नेहमीचा मोठा काळा मुंगळा म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. काही भागांत याला डोंगळा म्हणतात. हिला बघण्याची एक ट्रिक मला मैत्रिणीनं शिकवली, ती तुम्हालाही सांगते, कारण त्या ट्रिकनंतर माझं घड्याळाकडे लक्षच गेलं नाही. रोपाच्या खोडाशी नजर ठेवायची. वर जाणारीचं पोट बघायचं: गच्च, काळंकुळकुळीत. आता खाली उतरणारीचं पोट बघायचं. ते फुगलेलं असतं, पोटावरच्या काळ्या पट्ट्या एकमेकींपासून लांब गेलेल्या आणि मधून पातळ कातडी चमकते, उन्हात तर चक्क मधाच्या रंगाची. पट्टे दिसले की समजायचं, गाडी लोड होऊन चाललीय.

मुंगीच्या पोटात दोन खाती असतात. एक स्वतःचं आणि त्याच्या आधी एक पिशवी, जिला शास्त्रज्ञ ‘सामाजिक पोट’ म्हणतात. प्यायलेला मध या पिशवीत जातो. पिशवी आणि खरं पोट यांच्यामध्ये एक झडप असते आणि ती उघडून जेवढा थोडासा थेंब आत घ्यावा, तेवढाच तिचा स्वतःचा. बाकी सगळा इतरांसाठी. घरी गेली की बहिणी तिला मिशांनी टपटप करतात, ती तोंड उघडते, थेंब बाहेर आणते आणि तोंडाला तोंड लावून वाटते. ज्या बहिणी कधीच बाहेर पडत नाहीत, त्यांच्यापर्यंत आणि अळ्यांपर्यंत टाकळ्याचा मध असा पोचतो. २०११ मध्ये म्हैसूरच्या मोहम्मद बाबूंचे फोटो जगभर फिरले होते, आठवतात? पारदर्शक पोटाच्या इवल्याशा मुंग्यांनी रंगीत साखरपाणी प्यायलं आणि त्यांची पोटं लाल, हिरवी, निळी झाली. ती हीच पिशवी.

काही जाती मात्र जुन्या वळणाच्या आहेत. डायकामा नावाची राखाडी, अंगावर नक्षीदार रेघा असलेली मुंगी दाट पाक मिळाला तर तो पिण्याऐवजी जबड्यात थेंब धरते आणि तसाच उचलून नेते, आपण ऑफिसच्या पँट्रीतून काठोकाठ भरलेला चहाचा कप सांभाळत आणतो तशी. मला ती फुलांवर एकदाच दिसली. पण तिचं ते जपून चालणं बघून मी तिच्या जागी घामाघूम झाले.

आणि माझी फेवरिट म्हणजे कॅम्पोनोटस सेरिसियस. पोटावर सोनेरी रेशमी लव. आम्ही तिला सोनपोटी म्हणतो. नाव आमचं, पुस्तकात शोधू नका. उघड्या माळावर, जमिनीतल्या साध्याशा भोकात राहते. हिला चांगला मधाचा अड्डा सापडला की ती मोठी रांग लावत नाही. घरी जाऊन एका बहिणीला पटवते आणि तिला मागे घेऊन निघते. मागची पुढचीला मिशांनी सारखी हात लावत राहते. हात लागला नाही की पुढची थांबते, वाट बघते. हॉलडॉब्लर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये याच जातीवर काम करून ही जोडीची चाल उलगडून दाखवली. मी एकदा अशी जोडी जवळजवळ पूर्ण वाटभर पाहिली. मध्येच एक गवताची काडी आडवी पडली, मागची चुकली. पुढची तिथेच थांबली. किती वेळ, मोजला नाही. माझे पाय बधिर झाले एवढं नक्की. मग मागचीनं काडीला वळसा घातला, मिशी लावली आणि दोघी निघाल्या. मी नवी आले तेव्हा कुठल्या टीम लीडनं माझी अशी वाट बघितली होती?

चोर कोण, पोलीस कोण

आता वाटेल की मुंगी म्हणजे झाडाची सख्खी मैत्रीण. तसं अगदीच नाही. पानातला मध देणारं झाड बहुतेकदा फुलात मात्र मुंगी येऊ नये म्हणून धडपडत असतं.

कारण फुलातल्या मुंगीचा झाडाला फारसा उपयोग नाही. ती चालत येते, चालत जाते, पराग दूरच्या फुलापर्यंत नेत नाही. वर तिच्या अंगावर जंतुनाशकासारखे स्राव असतात. वारुळातल्या दमट अंधारात बुरशी लागू नये म्हणून ते गरजेचे, पण तेच पराग निकामी करतात, असं अँड्र्यू बीटी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं. (आपल्या मुंगळ्याच्या कुळात ही ग्रंथी बहुतेक जातींना नसतेच. निसर्गात एक नियम पाठ करावा तर लगेच अपवाद समोर येऊन उभा.) शिवाय मुंगी मध पिऊन गेली की मागून आलेल्या मधमाशीला रिकामी वाटी.

म्हणून मग दारावर बंदोबस्त. टेकडीवरच्या झुडपांत चित्रक फुलतो, पांढऱ्या नाजूक फुलांचा. त्याच्या फुलाखालच्या हिरव्या नळीला बोट लावून बघा. चिकट! अंगभर चिकट केस. खालून चालत येणारी बारीकशी मुंगी तिथेच अडकते. आम्हाला एका नळीवर अशा दोन दिसल्या, एक अजून हलत होती. मैत्रिणीनं गवताच्या पात्यानं तिला सोडवायचा प्रयत्न केला आणि तिचा पाय तुटला. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. तेरड्याची युक्ती जास्त सभ्य आहे. फुलाचा मध मागे लोंबणाऱ्या बारीक वाकड्या शेपटीत, जिथे लांब जिभेवाल्यांचीच डाळ शिजते. मुंग्यांसाठी देठावर वेगळं पान वाढलेलं. मागच्या दारानं या, मागच्या दारानं जा.

बोरीला असलं काही जमलेलं नाही. तिची हिरवट-पिवळी चिमुकली फुलं ताटलीसारखी उघडी, मध वर दिसतोय, या आणि खा. ऑक्टोबरात बोरीखाली उभं राहिलं की वर माश्या, मुंग्या, गांधीलमाश्या यांची नुसती झुंबड. असतील शितं तर जमतील भुतं, त्यातलाच प्रकार.

राखणदारांना लाच देणारेही आहेतच. नीळ कुळातल्या फुलपाखरांच्या कितीतरी अळ्यांच्या पाठीवर स्वतःची मधाची ग्रंथी असते. मुंगीनं टपटप केलं की अळी थेंब देते. मग ज्या मुंगीनं अळीला हाकलायचं, तीच अळीभोवती कडं करून उभी राहते आणि अळी निवांतपणे पान खाते. रुईवर पिवळ्या माव्याच्या गर्दीत मुंग्या दिसतात तिथेही व्यवहार तोच. ह्या सगळ्या कारभाराचं आपल्याकडच्या कुठल्याशा खात्याशी साम्य वाटलं, तर तो योगायोग समजावा.

नोटेवरचा मुंगीवाला

हे सगळं आत्ताचं खूळ आहे असं समजू नका. मुंबई इलाख्यात रॉटन नावाचा एक इंग्रज वनाधिकारी होता. त्याला मुंग्यांनी झपाटलं होतं. १८९२ मध्ये त्यानं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये ‘आपल्या मुंग्या’ अशा साध्यासुध्या अर्थाच्या मथळ्याखाली इथल्या मुंग्यांवर लिहिलं. मुंग्या गोळा करायच्या आणि स्वित्झर्लंडला ऑगस्ट फोरेलकडे पाठवायच्या, हा त्याचा उद्योग. हा फोरेल पेशानं मनोविकारतज्ज्ञ, झुरिकच्या मोठ्या मनोरुग्णालयाचा प्रमुख. फावल्या वेळात मुंग्या! त्यानं भारतातल्या कितीतरी मुंग्यांना शास्त्रीय नावं दिली, एकीला रॉटनचंही. पुढे १९७८ मध्ये निघालेल्या हजार स्विस फ्रँकच्या नोटेवर फोरेलचा चेहरा आला आणि नोटेच्या पाठीमागे मुंग्या. बिंगहॅम नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं १९०३ मध्ये ब्रिटिश इंडियाच्या मुंग्यांचा अख्खा ग्रंथच काढला.

२०१६ च्या यादीनुसार भारतात मुंग्यांच्या ८२८ जाती-उपजाती आहेत. २००६ मध्ये अजय नरेंद्र आणि सुनील कुमार यांनी दक्षिण भारतातल्या मुंग्यांवर एक हातात मावेल असं सुंदर इंग्रजी पुस्तक काढलं, मैत्रिणीच्या सॅकमध्ये त्याची कोपरे दुमडलेली प्रत कायम असते. मराठीत मात्र आपण अजून काळी, लाल, मुंगळा आणि ओंबील यांवरच भागवतोय. गहू-ज्वारीच्या जातींना इतकी नावं ठेवणारी आपली भाषा, मुंगीपाशी आली की हात आखडता घेते.

घरातल्या मुंग्यांवरून टेकडीवरच्या मुंग्यांची परीक्षा करू नका, एवढं मात्र सांगायलाच हवं. शहरात आपल्याला चावणाऱ्यांपैकी काही मुळात इथल्या नाहीतच. सोसायटीच्या लॉनमध्ये चपलेत शिरून आग लावणारी एक लाल मुंगी तर मूळची उष्ण अमेरिकेतली, माणसाच्या सामानाबरोबर जगभर पसरलेली. सोनपोटी तुमच्या साखरेच्या डब्यात कधी सापडणार नाही. तिला माळ लागतो.

माझा हिरवागार लेख

आणि इथे मला एक कबुली द्यायचीय.

चार वर्षांपूर्वी मी एका कंपनीच्या वृक्षारोपणाचा इव्हेंट कव्हर केला होता. शनिवार सकाळ, सगळ्यांना एकसारखे हिरवे टी-शर्ट, व्हॅनमधून आलेला उपमा आणि पुण्यातलीच एक टेकडी. मथळा माझाच: ‘उजाड टेकडी होणार हिरवीगार!’ आईनं ते कात्रण अजून जपून ठेवलंय. हौसेनं मीही एक खड्डा खणला होता. कुदळ दोन-तीनदा आपटल्यावर मुरुमातून मुंग्या बाहेर पडल्या, पांढरी अंडी तोंडात धरून सैरावैरा पळणाऱ्या. (अंडी म्हणतो आपण. एवढे मोठे पांढरे दाणे बहुतेकदा कोष असतात.) मी मागे सरकले, कोणीतरी त्यावर चुन्याची पावडर टाकली आणि कोणीतरी रोप ठेवलं. मी त्याचा फोटो काढला नाही. ग्रुपचा काढला.

ती टेकडी उजाड नव्हती. मे महिन्यात ती तशी दिसते, एवढंच. ऑगस्टमध्ये तिथे गवत असतं, गवतात तेरडा, टाकळा, कुर्डू आणि नावं माहीत नसलेली चिल्लीपिल्ली फुलं. पण आपल्या डोक्यात हिरवं म्हणजे झाड आणि झाड नाही ते ओसाड. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ मध्ये एक भन्नाट काम प्रसिद्ध केलं. त्यांनी जुनं मराठी साहित्य, कथा, लोकगीतं चाळून त्यात उल्लेख आलेल्या रानातल्या ४४ वनस्पती शोधल्या. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश निघाल्या विरळ झाडांच्या गवताळ माळावरच्या. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राचे हे माळ जंगल तोडून झालेले नाहीत. किमान साडेसातशे वर्षं ते माळच आहेत.

या पावसाळ्यात मैत्रिणीला घेऊन मी त्या टेकडीवर गेले. कंपनीनं लावलेली बरीचशी रोपं केव्हाच गेलीयेत. आधाराच्या काठ्या तेवढ्या उभ्या आहेत, काहींवर नावाची पाटीही. पलीकडच्या उतारावर जुन्या गिरिपुष्पाची दाटी आहे. ते झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं, लावायला सोपं म्हणून आपल्या टेकड्यांवर वर्षानुवर्षं लावलं गेलं. त्याच्या सावलीत आम्ही अर्धा तास खाली बघत फिरलो. पाचोळा होता. फूल एकही दिसलं नाही. एक सोनपोटी नाही. झाडं लावणाऱ्यांबद्दल मला राग नाही, त्यात मी स्वतः होते. पण कुठे खणतोय हे खणण्याआधी एकदा पावसाळ्यात येऊन बघायला हवं होतं आणि ते माझं काम होतं. बातमी लिहिणारी मी होते, कुदळ नाही.

माझा खड्डा सापडला नाही. सापडेल असं वाटलंही नव्हतं. एका अर्धवट बुजलेल्या खड्ड्याच्या काठावर टाकळा उगवला होता, त्यावर मुंगळे चढत-उतरत होते. पट्टे दिसत होते.

जायचंय?

जायचं असेल तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, सकाळी साडेसात ते नऊ. ऊन तापलं की पार्टी ओसरते. मुंगळ्यांची दुसरी शिफ्ट संध्याकाळी आणि रात्री असते. रोप एकच निवडा आणि त्याच्याशीच बसा. दहा रोपांना भेट देणाऱ्याला काही दिसत नाही, हा स्वानुभव. मोबाइलचा मॅक्रो चालतो, पण दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग मिळालं तर थेंबसुद्धा दिसतो. जवळून बघताना श्वास जपून सोडा. अंगावर वाफ आली की मुंग्या बिथरतात. पाय कुठे ठेवताय ते आधी बघा, वारुळाचं दार बहुतेकदा तुमच्या बुटाखालीच असतं. फुलं तोडू नका, हे सांगायला नको.

तेरड्याच्या बाबतीत मी हे पाळलं नाही. यंदा गौरींना आजोळी जाणं जमलं नाही, म्हणून फ्लॅटवरच छोटीशी गौर बसवायचं ठरवलं. मंडईबाहेर एक मावशी तेरड्याच्या पेंढ्या घेऊन बसल्या होत्या. मी एक उचलली आणि सवयीनं देठ बघायला लागले. मुंगळे होते. मी पेंढी झटकायला लागले तशा मावशी म्हणाल्या, ‘ताई, ऱ्हाऊ द्या की. मुंग्या हायेत म्हंजे माल ताजा हाय.’ बरोबरच होतं त्यांचं. सुकल्या देठाला मध कुठला? कुठून आणला विचारलं, तर म्हणाल्या पानशेतकडनं, पहाटंच्या गाडीनं.

बऱ्याच झटकल्या, तरी एक आलीच घरी. माझी रूममेट मुंगी दिसली की स्प्रे काढणाऱ्यांतली. तिला आजीचं वाक्य सांगितलं, पाठराखणीचं, तिसऱ्या दिवशी परत जाण्याचं. मग मैत्रिणीकडून कळलेली दुसरी बाजूही सांगितली. त्या परत जात नाहीत. एवढ्या लांबून त्यांना घर सापडत नाही आणि दुसऱ्या वारुळात त्यांना कोणी घेत नाही. वासावरूनच ओळखतात परक्या बाईला.

दोघी पेंढीशी वाकून बघत होतो. ती देठावर मान खाली घालून पीत होती. नंतर पेंढीच्या टोकापर्यंत गेली, मिशा हलवल्या, परत फिरली, पाटावर उतरली. पोट टम्म, पट्टे लांब लांब, ट्यूबलाइटच्या उजेडातही मधाच्या रंगाचं. रूममेटच्या हातात स्प्रे होता, तो तिनं खाली ठेवला नव्हता.

‘अगं, पण हिचं पोट तर भरलंय,’ ती म्हणाली. ‘आता ही ते देणार कुणाला?’